तुरूची पपई आणि गंजलेली सुरी

एक होतं परस. परसात होतं पपईचं झाड. उंच उंच. सरळ सरळ. डोक्यावर पानांची छत्री.

झाडाला लागल्या पपया. खालच्या पपया घरातल्यांच्या. मधल्या पपया आल्यागेल्यांच्या. आणि सगळ्यात वरची पपई?

ती पाखरांची!

तिला कुणी हात लावायचा नाही. त्या घरची रीतच होती तशी.

झाडाशेजारी होतं मेंदीचं कुंपण. कुंपणात राहायचा तुरू. तुरू म्हणजे बुलबुलाचं पिल्लू. एवढंसं. मुठीत मावेल एवढं. डोक्यावर काळी काळी शेंडी. शेपटीखाली लाल लाल टिकली.

तुरूची आई त्याला म्हणाली होती, "तुरू, वरची पपई आपली. पिकली की खायची. तोवर धीर धरायचा हं!"

तुरूने धीर धरला. रोज सकाळी उठायचा. मान वर करायचा.

"पपई, पपई, पिकलीस का?"

पपई हिरवीगार.

"पपई, पपई, पिकलीस का?"

पपई थोडी हिरवी, थोडी पिवळी.

"पपई, पपई, पिकलीस का?"

पपई पिवळीधमक!

तुरूने चोच पुसली. पंख झटकले. आता उडणार. आता खाणार.

इतक्यात आला थंडीचा वारा. सूंऽऽऽ! झाड हललं. पपई हलली. आणि...

धप्प!

पपई पडली पेंढ्यावर. पेंढ्यावरून निघाली उतारावर. गडगड गडगड गडगड! मागच्या दारातून आत. थेट स्वयंपाकघरात. पाटाला टेकली आणि थांबली.

तुरू धावला तिच्यामागे. पपईवर बसला. चोच मारली. टक! पुन्हा मारली. टक टक!

साल होती जाड. चोच होती नाजूक. पपईला साधा ओरखडाही उठेना.

तुरूने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पपई खायची म्हणून पोट रिकामं ठेवलं होतं. आता त्याच्या पोटात कावळे ओरडायला लागले. काव काव काव! बुलबुलाच्या पोटात कावळे! काय म्हणावं याला?

तुरूने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. फळीवर दिसली सुरी.

टुणटुण टुणटुण, फुर्र! तुरू गेला सुरीकडे.

"सुरीताई, सुरीताई, पपई काप ना!"

"का रे तुरू?"

तुरू म्हणाला,

"वरची पपई माझी, साल तिची जाड,
पोटात कावळे ओरडतात, काव काव काव!"

सुरी फुरंगटून बसली होती. म्हणाली, "आज बरी माझी आठवण झाली! या घरात सगळे त्या विळीचे. भाजी विळीवर. कांदा विळीवर. खोबरं विळीवर. आज विळी गेली शेजारी, अनसूयाकाकूंकडे बारशाला. म्हणून मी!"

"तसं नाही गं, ताई."

"तसंच आहे. परवा माझ्याकडून आवळे चिरून घेतले. आणि मला ओलीच ठेवली. कुणी धुतलं नाही, कुणी पुसलं नाही. बघ माझं अंग! गंज चढला. धार गेली. आता मी लोणीसुद्धा कापणार नाही. आधी कपाने धार लावावी, मग मी."

टुणटुण टुणटुण, फुर्र! तुरू गेला कपाकडे.

कप होता मांडणीवर, पालथा. त्याचा कान तुटलेला. त्याच्यातून आता कुणी चहा पीत नव्हतं. पण त्याचं बूड कसं? खरखरीत! सुरीला धार लावायला अगदी छान.

"कपदादा, कपदादा, सुरीला धार लाव ना!"

"काय? मोठ्याने बोल. मला कान नाही."

तुरूने छाती फुगवली. मोठ्ठ्याने म्हणाला,

"वरची पपई माझी, साल तिची जाड,
सुरी पपई कापेना,
पोटात कावळे ओरडतात, काव काव काव!"

"अरे, ओरडतोस किती!" कप म्हणाला. "धार लावीन की. एका अंगाने सर्र, दुसऱ्या अंगाने सर्र. पण तिच्या अंगावर गंज आहे ना! गंजावर धार बसत नाही. वर माझं बूड तांबडं होईल. आधी लिंबाने गंज घासावा, मग मी."

टुणटुण टुणटुण, फुर्र! तुरू गेला लिंबाकडे.

लिंबू होतं वाटीत. अर्धंच. आमटीत पिळून उरलेलं. तोंड सुकलेलं.

"लिंबूमामा, लिंबूमामा, गंज घास ना!"

"का रे तुरू?"

तुरू म्हणाला,

"वरची पपई माझी, साल तिची जाड,
सुरी पपई कापेना,
कप सुरीला धार लावेना,
पोटात कावळे ओरडतात, काव काव काव!"

लिंबू म्हणालं, "अस्सं! पिळून झालं तरी लिंबाचं काम पडतंच म्हणायचं. भाच्या, गंज मला घाबरतो बरं का! मी आंबट्ट आहे. पण एकटा गेलो की घसरतो. सुर्रकन्! अंगावर खरखरीत मीठ असलं की मग बघ माझा जोर. आधी मिठाने माझ्यावर बसावं, मग मी."

टुणटुण टुणटुण, फुर्र! तुरू गेला मिठाकडे.

मीठ होतं बरणीत. खडे मीठ. तुरूने बरणीत डोकावलं. खड्याला चिकटला खडा. सगळ्या मिठाचा झाला गोळा!

"मीठकाका, मीठकाका, लिंबावर बसा ना!"

"का रे तुरू?"

तुरू म्हणाला,

"वरची पपई माझी, साल तिची जाड,
सुरी पपई कापेना,
कप सुरीला धार लावेना,
लिंबू गंज घासेना,
पोटात कावळे ओरडतात, काव काव काव!"

मीठ म्हणालं, "बसू कसा? मला हलता येत नाही. कुणीतरी बरणीत ओला हात घातला. कुणी ते मी सांगणार नाही. तिचा हात लहान आहे, एवढंच सांगतो. आता मी सादळलोय. चिकचिक चिकचिक! आधी उन्हाने मला वाळवावं, मग मी."

टुणटुण टुणटुण, फुर्र! तुरू गेला मागच्या दारातून बाहेर, उन्हाकडे.

ऊन होतं खिडकीबाहेर. कोवळं कोवळं. भिंतीला पाठ लावून उभं.

"उन्हा, उन्हा, मीठ वाळव ना!"

"का रे तुरू?"

तुरू म्हणाला,

"वरची पपई माझी, साल तिची जाड,
सुरी पपई कापेना,
कप सुरीला धार लावेना,
लिंबू गंज घासेना,
मीठ लिंबावर बसेना,
पोटात कावळे ओरडतात, काव काव काव!"

ऊन हसलं. म्हणालं, "मी तर केव्हाचं इथे उभं आहे. मिठाची बरणी आत. मी बाहेर. मधे खिडकी बंद. बरणी तू बाहेर आणशील का?"

तुरूने आपले पाय बघितले. काडीसारखे बारीक. त्याने मान हलवली. "नाही रे, बाबा."

"मग? आधी खिडकीने मला आत घ्यावं, मग मी."

टुणटुण टुणटुण, फुर्र! तुरू गेला खिडकीकडे.

"खिडकीमावशी, खिडकीमावशी, उन्हाला आत घे ना!"

"का रे तुरू?"

तुरू म्हणाला,

"वरची पपई माझी, साल तिची जाड,
सुरी पपई कापेना,
कप सुरीला धार लावेना,
लिंबू गंज घासेना,
मीठ लिंबावर बसेना,
ऊन मीठ वाळवेना,
पोटात कावळे ओरडतात, काव काव काव!"

खिडकी कण्हली. कर्र्र... कुर्र्र... "अगं आई गं! बाळा, मला का उघडायचं नसतं? पण या बिजागऱ्या बघ. थंडीत गुडघे धरतात ना म्हाताऱ्यांचे, तशा धरल्यात. जरा हलले की करकर! आधी तेलाने मला लागावं, मग मी."

टुणटुण टुणटुण, फुर्र! तुरू पुन्हा आत आला. तुरू गेला तेलाकडे.

तेल होतं वाटीत. खोबरेल तेल. पण आज ते तेलासारखं दिसतच नव्हतं. पांढरं पांढरं, घट्ट घट्ट!

"तेलोबा, तेलोबा, खिडकीला लागा ना!"

"हूऽ हूऽ हूऽ! का रे तु-तु-तुरू?"

तुरू म्हणाला,

"वरची पपई माझी, साल तिची जाड,
सुरी पपई कापेना,
कप सुरीला धार लावेना,
लिंबू गंज घासेना,
मीठ लिंबावर बसेना,
ऊन मीठ वाळवेना,
खिडकी उन्हाला घेईना,
पोटात कावळे ओरडतात, काव काव काव!"

"हूऽ हूऽ हूऽ! अरे, थंडीने मी थि-थि-थिजलोय. वाहता येत नाही. गळता येत नाही. थेंबसुद्धा सुटत नाही. आधी चुलीने मला वितळवावं, मग मी. हूऽ हूऽ!"

टुणटुण टुणटुण, फुर्र! तुरू गेला चुलीकडे.

चूल झोपली होती. राखेची गोधडी डोक्यावरून घेतलेली. म्हणून तुरू अगदी हळू बोलला. अगदी कानात.

"चूलआजी, चूलआजी, तेल वितळव ना!"

"का रे तुरू?"

तुरू हळूच म्हणाला,

"वरची पपई माझी, साल तिची जाड,
सुरी पपई कापेना,
कप सुरीला धार लावेना,
लिंबू गंज घासेना,
मीठ लिंबावर बसेना,
ऊन मीठ वाळवेना,
खिडकी उन्हाला घेईना,
तेल खिडकीला लागेना,
पोटात कावळे ओरडतात, काव काव काव!"

चूल जांभई देत म्हणाली, "आऽऽऽ! विझले नाही हो मी. राखेखाली निखारा आहे लाल लाल. पण आपोआप पेटायला मी काय काडेपेटी आहे? आईच्या हातात फुंकणी, आईची फुंकर. तेव्हा कुठे मला जाग येते. आधी आईने मला फुंकावं, मग मी."

आणि चूल घोरायला लागली. घुर्र... घुर्र...

टुणटुण टुणटुण, फुर्र! तुरू गेला आईकडे.

आई होती दाराशी. उभीच्या उभी. तिला हलताच येत नव्हतं. का बरं? तिच्या पदराला लोंबकळत होती सगू!

सगू म्हणजे सगुणा. घरातलं शेंडेफळ. नुकतीच झोपेतून उठलेली. केस विस्कटलेले. गाल फुगलेले. खालचा ओठ बाहेर आलेला. दोन्ही मुठींत आईचा पदर, गच्च!

"सगूची आई, सगूची आई, चूल फुंक ना!"

"का रे राजा?"

तुरू म्हणाला,

"वरची पपई माझी, साल तिची जाड,
सुरी पपई कापेना,
कप सुरीला धार लावेना,
लिंबू गंज घासेना,
मीठ लिंबावर बसेना,
ऊन मीठ वाळवेना,
खिडकी उन्हाला घेईना,
तेल खिडकीला लागेना,
चूल तेल वितळवेना,
पोटात कावळे ओरडतात, काव काव काव!"

"अगं बाई!" आई म्हणाली. "वरची पपई पाखरांचीच हो. तुझीच ती. आणि ती सुरी, मेली ओलीच राहिली की! फुंकते, राजा, आत्ता फुंकते. पण हे बघ ना."

आईने एक पाऊल टाकलं. सगूने पदर ओढला.

"जाऊ नको!"

आईने दुसरं पाऊल टाकलं. सगूने भोकाड पसरलं.

"आँऽऽऽ!"

"ऐकलंस?" आई म्हणाली. "हिला घेऊन विस्तवाशी कशी जाऊ? आधी सगूने मला सोडावं, मग मी."

टुण... टुण... टुण... तुरू आता दमला होता. तुरू गेला सगूकडे.

सगूसमोर होती परात. परातीत होतं ज्वारीचं पीठ, भाकरीसाठी मळायला काढलेलं. तुरू परातीच्या काठावर बसला.

"सगू, सगू, आईला सोड ना!"

सगूने तोंड फिरवलं. "नाही शोडनाल!"

"का गं सगू?"

"मला हशू येत नाही. हशू आलं की शोडनाल."

आता आली का पंचाईत! हसू कुठून आणायचं? ते फळीवर नसतं. ते बरणीत नसतं.

तुरूने गाणं म्हटलं. पिकपिक पिरुक! सगू हसली नाही.

तुरूने शेंडी उभी केली. शेंडी आडवी केली. सगू हसली नाही.

तुरूने शेपटी उडवली. लाल लाल टिकली दाखवली. सगूने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. पण हसली? छे!

तुरूचा चेहरा एवढासा झाला. त्याने एक लांब श्वास घेतला आणि सगळं सगळं सांगून टाकलं. भराभरा, एका दमात.

"वरची पपई माझी, साल तिची जाड,
सुरी पपई कापेना,
कप सुरीला धार लावेना,
लिंबू गंज घासेना,
मीठ लिंबावर बसेना,
ऊन मीठ वाळवेना,
खिडकी उन्हाला घेईना,
तेल खिडकीला लागेना,
चूल तेल वितळवेना,
आई चूल फुंकेना,
सगू आईला सोडेना,
पोटात कावळे ओरडतात, काव काव..."

तिसरा काव म्हणताना तुरूचा तोल गेला. पाय सटकला. तुरू पडला पिठात!

फुस्स्स!

पीठ उडालं. धूर झाला पांढरा पांढरा. तुरू दिसेना.

मग पिठातून वर आली एक शेंडी. पांढरी! मग डोकं. पांढरं! मग चोच. तीही पांढरी! काळा तुरू झाला पांढरा तुरू. जणू एवढेसे आजोबा!

आजोबांना आली शिंक.

आक्-छिक्!

सगूचा बाहेर आलेला ओठ आत गेला. गाल हलले. आणि...

"ही ही ही! हा हा हा! आजोबा! आई, बघ, आजोबा!"

सगू हसली. सगूने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायच्या तर दोन्ही हात लागतात. हातांतून पदर सुटला!

मग काय विचारता!

सगूने आईला सोडलं. आईने घेतली फुंकणी. फू! फू! फू!

आईने चुलीला फुंकलं. चुलीने राखेची गोधडी टाकली. धगधग धगधग! लाल लाल झाली.

चुलीने तेलाला ऊब दिली. तेलाने हूऽहूऽ सोडलं. "हाऽऽश!" म्हणालं, आणि पातळ झालं. डुबुक डुबुक!

तेल खिडकीला लागलं. या बिजागरीवर ठिप. त्या बिजागरीवर ठिप. खिडकी म्हणाली, "सुटले गं बाई माझे गुडघे!" आणि सताड उघडली.

खिडकीने उन्हाला घेतलं. उन्हाने मारली आत उडी. ते बसलं मिठावर. बसलं, बसलं, बसूनच राहिलं. तुरूने तोवर एका पंखावरचं पीठ झटकलं. सगूने दुसऱ्या पंखावरचं झटकलं.

उन्हाने मिठाला वाळवलं. खड्यापासून खडा सुटला. खुळखुळ खुळखुळ!

मीठ लिंबावर बसलं. लिंबू म्हणालं, "आता आलाय जोर!"

आईने सुरी धरली. सुरीला हात फक्त आईचा. सगूने लांबून बघायचं, तुरूने लांबून बघायचं.

लिंबाने गंज घासला. खसखस खसखस! तांबडा तांबडा गंज ओघळला. आईने सुरी धुतली. फडक्याने पुसली. लख्ख!

कपाने सुरीला धार लावली. पालथा कप, खरखरीत बूड. एका अंगाने सर्र. दुसऱ्या अंगाने सर्र. सर्र सर्र, सर्र सर्र!

सुरीने आपलं रूप बघितलं. पात्यात खिडकी दिसली. ऊन दिसलं. सुरीचा रुसवा पळाला. म्हणाली, "कुठे आहे ती पपई? आणा इकडे!"

आईने पपई धुतली. पाटावर ठेवली. सुरीने पपई कापली.

चर्रर्र... टक्!

पपईचे झाले दोन भाग. आतून केशरी केशरी. मधे काळ्या काळ्या बियांची गर्दी. वास तर असा सुटला की काय सांगू!

तुरूने चोच उघडली.

"थांब हं!" आई म्हणाली. "आधी सुरी."

"पुन्हा सुरी?" तुरू म्हणाला. "काव काव काव!"

"हो, पुन्हा सुरी. परवा राहिली होती, आज राहायची नाही." आईने बिया काढल्या. फोडी केल्या. मग सुरी धुतली. कोरडी पुसली. पात्याला बोटभर तेल लावलं आणि ती उंच फळीवर ठेवली. सुरी खूश! अशी चमकली, अशी चमकली!

आईने पहिली फोड उचलली. ती कुणाची?

सगूने हात पुढे केला. फोड घेतली. मोठी फोड, केशरी फोड, रस गळणारी फोड. सगूने आ केला. एवढा मोठ्ठा आऽऽऽ!

तुरू बघतच राहिला. त्याची शेंडी हळूहळू खाली गेली.



सगूने तुरूकडे बघितलं. शेंडीवर अजून पीठ होतं थोडं. सगूने फोडीकडे बघितलं. पुन्हा तुरूकडे बघितलं. तिने आ मिटला. मूठ पुढे केली. मुठीतून फोडीचं टोक बाहेर आलेलं.

"घे," सगू म्हणाली. "वलची पपई पाखलांची."

टुणटुण टुणटुण, फुर्र! तुरू बसला सगूच्या मनगटावर. टच्! पहिली चोच. टच् टच्! दुसरी चोच. गोऽऽड! चोच केशरी झाली. शेंडी केशरी झाली. सगूला हातावर गुदगुल्या झाल्या. ती हसली, आणि तुरू खातच राहिला.

पोटातले कावळे? ते गेले उडून. भुर्रर्र!

दुसरी फोड सगूची. तिसरी फोड आईची. आणि तुरू? तो म्हणाला, "अजून एक!"

पपई गेली पोटात, गोष्ट राहिली ओठात.